वाघ मोजायला कोण जातं?

खाकी कपडे, हॅट, गळ्यात दुर्बीण... वन्यजीव अभ्यासक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हे एकच चित्र येतं. या फ्रेमच्या बाहेर कोण कोण राहिलंय आणि त्यामुळं विज्ञानाचं काय नुकसान होतंय, याचा हा शोध.

एक छोटासा खेळ खेळूया. डोळे मिटा आणि मनात म्हणा, ‘वाइल्डलाइफ सायंटिस्ट’. काय दिसलं? कार्गो पॅण्ट, डोक्यावर हॅट, दाढीचे खुंट वाढलेले, ओपन जिप्सीच्या बॉनेटवर एक पाय टेकवून उभा असलेला उंचापुरा पुरुष. बरोबर ना? ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये मी हा खेळ सात जणांबरोबर खेळून बघितला. सातही जणांच्या डोळ्यांसमोर हेच साहेब उभे राहिले. एकीच्या चित्रात तर ते गोरे होते आणि ऑस्ट्रेलियन उच्चारात मगरीशी गप्पा मारत होते!

डिस्कव्हरी आणि नॅशनल जिओग्राफिक बघत वाढलेल्या आपल्या पिढीचा यात फारसा दोष नाही. पण प्रत्यक्ष जंगलातलं चित्र वेगळं आहे. २०२२ सालच्या देशव्यापी व्याघ्रगणनेचे आकडेच बघा. ३२,५८८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले. त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो टिपले आणि त्यातले ९७,३९९ फोटो वाघांचे निघाले. हा झाला टेक्नॉलॉजीचा भाग. पण कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे ठरवायला आधी जंगल पायाखाली घालावं लागतं. पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे शोधावे लागतात. ही पायपीट किती झाली? ६,४१,४४९ किलोमीटर! म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला सोळा फेऱ्या. देशात सरासरी ३,६८२ वाघ आणि महाराष्ट्रात ४४४, हे आकडे आपण पेपरात वाचले, फॉरवर्ड केले. त्यामागे चालणारे पाय बहुतांश वनरक्षकांचे, वनमजुरांचे आणि जंगलाकाठच्या गावकऱ्यांचे होते. जिप्सीवाले साहेब त्यात फार थोडे.

या मेहनतीचं सरकारी माप आहे ‘मॅनडेज’. मनुष्यदिवस. सहा लाखांहून जास्त भरले ते. पण यातले सगळे दिवस ‘मॅन’चे नव्हते. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोब्याच्या कोलारा भागात याच गणनेसाठी पायी सर्वेक्षण करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत तीन मदतनीस होते. तिच्या हातात नोंदीचे कागद होते की मोबाईल, हे कुठल्या बातमीत वाचल्याचं मला आठवत नाही. पण वाघ मोजायला कोण जातं, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या बातमीत होतं.

मी हा विषय लिहायला घेतला तेव्हा एका मित्रानं विचारलं, “अगं, वाघ वाचले की झालं ना? मोजणारा कोण आहे यानं काय फरक पडतो?” प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर असं की, खूपच फरक पडतो.

‘ती’ही गाते, पण ऐकतंय कोण?

पक्षी का गातात? शाळेतलं उत्तर पाठ आहे आपल्याला. नर गातो, मादीला रिझवतो, आपल्या हद्दीची घोषणा करतो. मादी? ती ऐकते आणि निवड करते. डार्विनच्या काळापासून हे उत्तर जवळजवळ असंच चालत आलं होतं.

२०१४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. संशोधकांनी जगभरातल्या ३२३ गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती तपासली, तर तब्बल ७१ टक्के प्रजातींमध्ये मादीही गाते असं आढळलं. इतकंच नाही, तर या पक्ष्यांच्या आद्य पूर्वजांमध्येही माद्या गात असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे कोडं उलटंच झालं. नर का गातो, यापेक्षा काही प्रजातींमध्ये मादी गप्प का झाली, हा जास्त इंटरेस्टिंग प्रश्न ठरला.

मग इतकी वर्षं हे कुणाला ऐकू कसं आलं नाही? एक कारण भूगोलाचं. पक्षिशास्त्राची बरीचशी पायाभरणी युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाली आणि तिथल्या अनेक प्रजातींत माद्या कमी गातात. उष्ण कटिबंधात त्या भरपूर गातात, पण तिथले कान मोजलेच जात नव्हते. दुसरं कारण थेट आपल्या विषयाचं. या निबंधाच्या पाच लेखकांपैकी चौघी महिला होत्या. आणि २०२०मध्ये झालेल्या एका पाहणीत दिसलं, की पक्षिगानावरच्या एकूण निबंधांत प्रथम लेखक महिला असण्याचं प्रमाण ४४ टक्के, पण मादीच्या गाण्यावरच्या निबंधांत ते ६८ टक्के!

बाईला बाईचंच ऐकू येतं, असा याचा सरधोपट अर्थ काढायचं कारण नाही. पण आपण कोण आहोत, कुठून आलोय, यावर आपल्याला कुठला प्रश्न पडतो हे ठरतं. एकाच प्रकारची माणसं फील्डवर गेली, तर प्रश्नही एकाच प्रकारचे पडणार.

बोटांनी बघणारा माणूस

आता आणखी एक उदाहरण. गीराट व्हर्मे हे नाव आपल्याकडं फारसं कुणी ऐकलेलं नसतं. नेदरलँड्समध्ये १९४६ साली जन्मलेला हा माणूस तिसऱ्या वर्षी पूर्ण अंध झाला. पुढं अमेरिकेत शिकला आणि शंख-शिंपल्यांचा जगातला एक मोठा अभ्यासक बनला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं.

अंध माणूस फील्डवर काय करणार? व्हर्मे समुद्रकिनाऱ्यावर, खडकांच्या कपारीत, खारफुटीत हात घालून शंख गोळा करत. डोळ्यांनी बघणारा माणूस शंखाचा रंग आणि नक्षी बघतो. व्हर्मेंची बोटं मात्र त्याची जाडी, काटे, तोंडाची अरुंद फट हे सगळं टिपत. आणि शंखावरचे सांधल्यासारखे व्रणही! खेकड्यानं फोडायचा प्रयत्न केला, पण आतला जीव वाचला आणि त्यानं कवच पुन्हा बांधून काढलं, त्याची ती खूण. अशा खुणांवरून त्यांनी शिकारी आणि शिकार यांच्यात कोट्यवधी वर्षं चाललेल्या शस्त्रस्पर्धेचा सिद्धांत मांडला. १९८७मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं, १९९२मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

कुणीतरी त्यांना ‘तुला झेपणार नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवलं असतं, तर? आपल्याकडच्या किती निसर्ग शिबिरांच्या फॉर्मवर ‘शारीरिकदृष्ट्या सक्षम असणे आवश्यक’ ही ओळ असते, ते एकदा बघा. सक्षम म्हणजे नेमकं काय, हे कुणी लिहीत नाही. एखाद्या तलावाकाठी बसून तासभर पक्ष्यांचे आवाज नोंदवायला गड चढण्याचा स्टॅमिना कशाला हवा?

विजी

आपल्याकडंही फ्रेमबाहेरचे लोक होते. फक्त त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. जे. विजया, म्हणजे सगळ्यांची विजी, ही भारतातली पहिली महिला सरीसृपतज्ज्ञ मानली जाते. १९५९चा जन्म. कॉलेजात असतानाच ती रोम्युलस व्हिटेकर यांच्या मद्रास स्नेक पार्कमध्ये काम करू लागली. समुद्री कासवांच्या कत्तलीचे तिनं काढलेले फोटो ‘इंडिया टुडे’त छापून आले आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्याची दखल घेऊन कारवाईचे आदेश दिले. तेव्हा विजी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची होती!

केरळच्या जंगलात राहणारं एक छोटं कासव १९१२मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं होतं. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षं ते कुठल्याच अभ्यासकाला दिसलं नाही. १९८२मध्ये विजीनं ते पुन्हा शोधून काढलं. कसं? त्या जंगलात राहणाऱ्या कादर आदिवासींच्या मदतीनं. ‘विज्ञानाला हरवलेलं’ हे कासव कादरांच्या लेखी कधी हरवलंच नव्हतं. पुढं त्याच्या अभ्यासासाठी विजी जंगलातल्या एका गुहेत मुक्काम ठोकून राहिली.

१९८७मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. २००६मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कासवाच्या कुळाला नाव दिलं ‘विजयाकेलिस’. आज एक अख्खी जेनस तिच्या नावावर आहे, पण आपल्यापैकी कितीजणांना ती माहीत आहे?

विजीची गोष्ट वाचून ‘वा, काय धाडस!’ असं वाटतं, आणि ते होतंच. पण फील्डवर टिकायला प्रत्येक मुलीला धाडसी असावंच लागतं, हे मात्र काही बरोबर नाही. आपल्या ऑफिसात यायला लागतं का धाडस? साधी नोकरी करता यावी, एवढीच अपेक्षा असते.

तंबू हेही वर्कप्लेसच!

मी एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. त्यामुळं माझ्या मावसबहिणीनं मला जेव्हा तिच्या फील्डवर्कच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा माझ्या डोक्यात आधी पॉलिसी मॅन्युअलच उघडलं.

ती संगमनेरची. झूऑलॉजीत एम.एस्सी. पहिल्याच प्रयत्नात एका प्रोजेक्टवर लागली. विषय तरस. राहायला एका खेड्यात भाड्याचं घर. घरात टॉयलेट नाही. “ताई, मी दुपारी चारनंतर पाणीच प्यायचे नाही,” ती अगदी सहज म्हणाली. महिन्याच्या ‘त्या’ चार दिवसांत आठ-दहा किलोमीटर चालायचं आणि पॅड बॅगेत गुंडाळून परत आणायचं. स्टायपेंड दोन-दोन महिने उशिरा. हे सगळं तिनं निभावून नेलं. नेलं नाही ते एका सीनिअरचं बोलणं. रात्री जेवताना चालणारे जोक, जीपमध्ये नेमकं शेजारीच बसणं. तक्रार कुणाकडं करणार? प्रोजेक्टचा सगळा कारभार त्याच्याच हातात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून साठ किलोमीटरवर, मोबाईलला रेंज फक्त टेकडीवर. तिनं वरिष्ठांना एकदा सांगून बघितलं. उत्तर आलं, “फील्डवर थोडं अॅडजस्ट करावं लागतं गं.”

दुसरा सीझन सुरू व्हायच्या आधीच तिनं सोडलं. आज ती हिंजवडीत इन्शुरन्स क्लेम्स बघते. मावशीला बरं वाटलं. तिला नाही.

हे एकटीचं प्रकरण असतं तर मी इथं लिहिलं नसतं. २०१४मध्ये अमेरिकेतल्या चार महिला संशोधकांनी फील्डवर्क करणाऱ्यांची एक पाहणी केली. ६६६ जणांनी उत्तरं दिली. ६४ टक्के लोकांनी लैंगिक शेरेबाजीचा, छळाचा अनुभव सांगितला. २० टक्क्यांहून जास्त जणांनी प्रत्यक्ष शारीरिक अत्याचाराचा. पाहणी ऑनलाइन होती, लोकांनी आपणहून भरली होती, त्यामुळं ही टक्केवारी जशीच्या तशी सगळ्या जगाला लावता येणार नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट होत्या. महिलांना त्रास देणारे बहुतेकदा त्यांचे वरिष्ठ होते. आणि तक्रार कुठं करायची, हे फारच थोड्यांना माहीत होतं.

इथं एचआरवालीचा एक फुकट सल्ला. आपल्याकडचा २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण ऑफिसात ‘पॉश’ म्हणतो, तो फक्त काचेच्या बिल्डिंगपुरता नाही. कामाच्या निमित्तानं कर्मचारी जिथं जिथं जाईल ती प्रत्येक जागा, अगदी त्यासाठी मालकानं दिलेली गाडीसुद्धा, कायद्याच्या व्याख्येत ‘कामाची जागा’ आहे. म्हणजे तंबूही, मचाणही, जीपही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. कायद्यात इंटर्न आणि स्वयंसेवकही येतात. मावसबहिणीला यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं.

आता यात वैज्ञानिक नुकसान काय, ते ऐका. तिच्या टीममधले मुलगे गावात शिरले की चहाच्या टपरीवर, पारावर पुरुषांशी बोलायचे. ही मात्र ओट्यावर बायकांत बसायची. सरपणाला रोज डोंगरात कोण जातं? बायका. तरस कुठल्या ओढ्यातून वर येतं, पिल्लं घेऊन कुठल्या कपारीत बसतं, हे त्यांना पाठ होतं. तिच्या वहीत त्या कपारींची हातानं काढलेली स्केचेस आहेत. ती वही आता पुण्यात तिच्या कपाटात आहे. त्या प्रोजेक्टच्या डेटात ती पानं नाहीत.

हौसेला मोल असतं

दुसरी अडचण पैशांची. वन्यजीव क्षेत्रातल्या जाहिराती वाचल्या की मला गंमत वाटते. ‘तीन महिने, निवास साधा, प्रवास स्वखर्चाने, मानधन नाही, पण अनुभव अमूल्य!’ शिवाय स्वतःची दुर्बीण, बूट, लॅपटॉप असलेल्यांना प्राधान्य. आता सांगा, हा अमूल्य अनुभव कोण घेऊ शकतं? ज्याच्या घरी तीन महिन्यांचं भाडं भरणारं दुसरं कुणी आहे तो. चंद्रपूरच्या एखाद्या वनमजुराच्या मुलानं जंगल लहानपणापासून बघितलेलं असतं, पण तो बी.एस्सी. झाला की त्याला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवायचे असतात. तो या जाहिरातीच्या वाटेला जातच नाही.

हे फक्त आपल्याकडं नाही. फुकट राबणारे फील्ड टेक्निशियन वन्यजीवशास्त्राचंच नुकसान करतात, असा रोखठोक लेख दोन परिसंस्था-अभ्यासकांनी २०१५मध्ये अमेरिकेतल्या ‘वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन’मध्ये लिहिला होता. मुद्दा साधा होता. पहिली पायरीच फुकटाची ठेवली, की वरच्या पायऱ्यांवर फक्त खात्यापित्या घरची मुलं पोहोचतात. मग पुढं जाऊन तीच ठरवतात, कुठल्या प्राण्याचा अभ्यास करायचा आणि कुठल्या गावाला जंगलातून उठवायचं.

आभारांच्या पानावरची माणसं

शोधनिबंध कधी हातात आला तर शेवटचं पान बघा. बारीक टायपात आभार असतात. तिथं ‘स्थानिक सहायकां’ची पहिली नावं सापडतात. आडनावं बहुधा नसतात. प्राण्याची वाट ओळखणारा, साहेबांना सापापासून वाचवणारा, रात्री भाकरी करून घालणारा माणूस लेखकांच्या यादीत क्वचितच असतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामात बिहारच्या मिरशिकारांचं कसब किती मोलाचं होतं, हे पक्षिमित्रांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारे ते हात नसते, तर पायात कडी घालायला पक्षी सापडला असता कुठं?

जिथं या माणसांना कामाच्या मध्यभागी आणलं गेलं, तिथं काय घडलं याचीही उदाहरणं आहेत. अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती न्यीशी समाजातले एकेकाळचे शिकारी २०११-१२पासून धनेशाच्या घरट्यांची राखण करतात आणि नोंदी ठेवतात. त्याचा त्यांना मोबदला मिळतो, आणि हौसेनं घरटी ‘दत्तक’ घेणारी शहरातली मंडळी तो पैसा देतात. कुठल्या झाडात ढोली आहे हे ज्याला शिकारीसाठी माहीत होतं, त्याच्याइतका चांगला निरीक्षक आणखी कोण मिळणार?

आसामात पूर्णिमादेवी बर्मन हरगिला नावाच्या करकोच्यावर पीएच.डी. करत होत्या. हा पक्षी दिसायला अजागळ, खातो मेलेलं. घरट्याखाली घाण पडते म्हणून लोक झाडंच तोडत. बर्मन यांनी थिसिस बाजूला ठेवला आणि गावातल्या बायकांना गाठलं. हरगिलाचं डोहाळजेवण सुरू केलं, साड्यांवर हरगिलाची नक्षी विणायला घेतली. आज ‘हरगिला आर्मी’त दहा हजारांहून जास्त बायका आहेत. दादरा, पचारिया आणि सिंगीमारी या गावांतली घरटी २८ वरून २५०च्या वर गेली. बर्मन यांची पीएच.डी. २०१९मध्ये पूर्ण झाली. २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि २०२३मध्ये हा पक्षी ‘धोक्यात’च्या यादीतून ‘धोक्याच्या जवळ’ या यादीत सरकला. तिकडं अस्मिता आणि रोजगार, इकडं पक्षी, दोन्ही हातात हात घालून वाचले.

आणि आपला महाराष्ट्र? विद्या अत्रेय यांनी बिबट्याचा अभ्यास अभयारण्याबाहेर आणला, थेट उसाच्या फडात. अकोले तालुक्यात, जिथं दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात, तिथं शंभर चौरस किलोमीटरमागं सुमारे पाच पूर्ण वाढलेले बिबटे आणि तितकेच तरस राहतात, हे त्यांच्या टीमनं २०१३मध्ये जगाला दाखवलं. त्याआधी जुन्नरच्या अभ्यासातून असं दिसलं होतं, की पकडलेले बिबटे दुसरीकडं नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. बिबट्या ही ‘जंगलातली’ समस्या आहे असं गृहीत धरून हे कळलंच नसतं. त्यासाठी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागलं. जुन्नर-शिरूरकडून हल्ल्यांच्या बातम्या आजही येतात. त्यामुळं तिथल्या माणसांना बरोबर घेऊन काम करणं ही काही हौसेची बाब उरलेली नाही.

मुंबई, ठाणे, पालघरच्या वारली पाड्यांत वाघोबाची दीडशेच्या वर देवस्थानं एका अभ्यासगटानं नोंदवली आणि २०२१मध्ये त्यावर निबंध लिहिला. आरे कॉलनीच्या बाजूनं आपण रोज कॅबनं जातो. तिथल्या पाड्यांमधली माणसं बिबट्यासोबत कशी राहतात, याचं उत्तर कुठल्याही कॅमेरा ट्रॅपमध्ये येत नाही. ते वाघबारशीच्या पूजेत सापडतं.

मराठीत कळतं का वाघाला?

एक शेवटचा अडथळा, जो आपल्याला रोज बोचतो. इंग्लिश! मुलाखत इंग्लिशमध्ये, प्रपोजल इंग्लिशमध्ये, निबंध तर हवाच इंग्लिशमध्ये. २०२१मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं इंग्लिश सोडून इतर सोळा भाषांमधले ४ लाख १९ हजारांहून जास्त निबंध चाळले. त्यांत निसर्गसंवर्धनाचे उपाय खरोखर लागू पडतात का, हे तपासणारे १,२३४ अभ्यास निघाले. फक्त इंग्लिश वाचणाऱ्यांच्या दृष्टीनं ते अस्तित्वातच नव्हते.

मारुती चितमपल्ली यांचं मोठेपण मला इथं जाणवतं. वनाधिकारी म्हणून रानात हिंडताना त्यांनी आदिवासींकडून, कोळ्यांकडून, गुराख्यांकडून शब्द गोळा केले, ‘पक्षिकोश’ रचला. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना पुस्तकात जागा दिली. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांच्यामुळं मराठी वाचकाला जंगल आपल्या भाषेत मिळालं. संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या पोराला मात्र ते अजून मिळायचंय.

बरं, मग आपण काय करायचं?

नोकरी सोडून जंगलात जा, असं मी सांगणार नाही. ईएमआय सगळ्यांनाच आहेत! पण बसल्या जागेवरून करण्यासारखं बरंच आहे.

• सफारीला गेलात तर गाइडला ‘वाघ कुठाय?’ एवढंच विचारू नका. त्याचं पूर्ण नाव विचारा आणि फोटो टाकताना त्याच्या परवानगीनं क्रेडिट द्या.

• ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्टवर नोंदी करायला पदवी लागत नाही. सोसायटीच्या गच्चीवरून, बाल्कनीतून, व्हीलचेअरवरूनही करता येतात. त्या नोंदी शास्त्रज्ञ खरोखर वापरतात.

• निसर्ग शिबिर भरवणाऱ्या ग्रुपमध्ये असाल, तर महिन्यातून एक वॉक असा ठेवा की जो सपाट रस्त्यावर असेल, जवळ टॉयलेट असेल आणि बोलणं मराठीत असेल. बघा, किती नवीन चेहरे येतात ते.

• ओळखीतलं कुणी फील्डवर जात असेल, तर निघण्याआधी तीन गोष्टी लेखी मागायला सांगा. मानधन किती आणि कधी, राहायची सोय काय, तक्रार कुणाकडं करायची.

आणि तुमच्या कंपनीत सीएसआर कमिटी असेलच. वन्यजीव संवर्धनाचं प्रपोजल आलं की सगळ्यांचे डोळे वाघाच्या फोटोवर खिळतात, हे मी मीटिंगमध्ये बसून बघितलंय. पुढच्या वेळी फोटो बाजूला ठेवा आणि बजेटचं पान उघडा. कॅमेरा ट्रॅपच्या कोटेशनखाली स्थानिक सहायकाच्या पगाराची आणि विम्याची ओळ आहे का, बेस कॅम्पला टॉयलेट धरलंय का, अंतर्गत समितीचा उल्लेख आहे का ते शोधा. नसेल, तर प्रपोजल नाकारू नका. फक्त त्या तीन ओळी घालून परत पाठवा, आणि त्यांचेही पैसे द्या.